भाऊरावांचं राहिलेलं व्हाउचर

भाऊराव कुणाच्याही लग्नाला गेले की जेवण झाल्यावर पान घेण्याआधी आचाऱ्याला गाठत. "श्रीखंड छान होतं. उरलं त्याचं काय?" ज्या घराशी त्यांचा संबंध आहेराच्या पाकिटापुरता, तिथेही हेच. आचारी चिडे, वधूपिता धावत येई, आणि कोठीच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेलं पातेलं सापडे. हे मी स्वतः दोनदा पाहिलं आहे.

आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात ते मुख्य हिशेबनीस होते. राहायला बडोद्याच्या नागरवाड्यात. आजोबा संस्थानच्या खजिन्यात कारकून होते, आणि तो खजिना अजून आपल्याकडेच आहे अशा चालीने भाऊराव कचेरीत येत. मी निर्यातीचा मॅनेजर. टाय मी लावायचो, त्यामुळे शहाणा मीच समजला जाई.

परवान्यांचं राज्य संपलं, परदेशी गिऱ्हाइकं वाढली. एका वर्षी आमच्या रसिकशेठनी चार मोठ्या गिऱ्हाइकांना ग्रीसच्या समुद्रात आठवडाभर यॉटवर फिरवायचं ठरवलं. शेठना बोट लागायची, म्हणून यजमान मी. करारात भाड्याखेरीज आणखी एक मोठी रक्कम आगाऊ मागितली होती. शेठ वैतागले. "आ शूं? भाडं दिलं ने, मग पाछा पैसा कशाचा?"

भाऊरावांनी करार घरी नेला, शब्दकोश घेऊन वाचला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "शेठ, हे हॉटेल नाही, शाळेची सहल आहे. भाड्यात बोट आली, माणसं आली. डिझेल, जेवण, बंदराची फी रोज बदलणार. म्हणून वर्गणी आधी मास्तरांकडे. मास्तर म्हणजे इथे कप्तान. तो खर्च करणार, पावत्या ठेवणार, कमी पडलं तर मागणार, उरलं तर शेवटच्या दिवशी परत देणार. बक्षिशी वेगळी, ती आपल्या मर्जीची." मग माझ्याकडे वळून, "साहेब, तेवढं उरलं त्याचं काय, ते विचारून या."

सगळी कचेरी हसली. ज्यांनी समुद्र आयुष्यात एकदा, तोही देवळाच्या पायरीवरून पाहिला, ते मला यॉट शिकवत होते.

तिथे दोन दिवस असा वारा सुटला की बोट खाडीत नांगर टाकून उभी राहिली. शेवटच्या सकाळी कप्तानाने पाहुण्यांसमोरच एक फाइल आणि जाड पाकीट माझ्यापुढे ठेवलं. पावत्या बघा, शिल्लक मोजा, सही करा. चार पाहुणे कॉफी पीत बघत होते. त्यांच्यापुढे नोटा मोजणं मला हलकं वाटलं. मी सही केली, पाकीट परत सरकवलं आणि म्हणालो, "तुमच्या लोकांना वाटून टाका." बक्षिशी आदल्या दिवशीच देऊन झाली होती. एका पाहुण्याने भुवया उंचावल्या. मला तो आदर वाटला. त्या पाकिटात बडोद्यात एक लहान मोटार आली असती. ते पैसे आपले आहेत हे मला कळलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. कळलं होतं. फाइल विमानतळावरच्या कचऱ्यात गेली.

परतल्यावर मी वाऱ्याची गोष्ट रंगवून सांगत होतो. भाऊराव ऐकत होते. "दोन दिवस बोट उभी होती म्हणता. मग डिझेल कोण प्यायलं, साहेब?"

"तिथे असा हिशेब देत नाहीत, भाऊराव."

"करारात लिहिलंय."

"करार कागदावर. समुद्रावर वेगळं असतं." हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

त्यांनी यॉट ठरवून देणाऱ्या दलालाला फॅक्स केला. शेठना कळलं तेव्हा ते लालबुंद झाले. "पाहुण्यांना जेवायला घालून उरलेली भाजी मागता? आबरू जाय छे आपली." मग मला विचारलं, "तमे कहो. काही परत मिळतं?"

भाऊराव माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही, शेठ."

पुढच्या सोमवारपासून मुख्य हिशेबनीस गावातल्या वाडी भागातल्या जुन्या गोदामात नटबोल्ट मोजायला बसले. कचेरीत त्यांना 'कप्तान' म्हणू लागले. ते नावही मीच पाडलं.

दलालाचं उत्तर फॅक्सने आलं ते त्यांच्या नावचं, म्हणून शिपायाने वाडीत पोचवलं. मी साठा तपासायला गेलो तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि खणातून कागद काढला. शिल्लक रोख मिळाल्याची पोच, खाली माझी सही.

"सही सुरेख आहे," ते म्हणाले. "परदेशात जरा जास्तच वळणदार येते वाटतं."

"शेठना दाखवणार?"

"मी कशाला? पैसे तुम्ही वाटले, व्हाउचर तुम्ही द्यायचं. तुमचं व्हाउचर मी कसं लिहू?"

त्यानंतर दर दिवाळीच्या पाडव्याला ते पेढा हातावर ठेवून हसत म्हणत, "साल मुबारक, साहेब. ते एक व्हाउचर राहिलंय." एकदा तरी चिडतील म्हणून मी वाट पाहिली. चिडले नाहीत. वाडीतूनच निवृत्त झाले. शेठ वारले तेव्हा स्मशानातून परतताना ते माझ्या शेजारून चालत होते. त्या दिवशी मात्र व्हाउचर मागितलं नाही.

गेल्या वर्षी भाऊराव गेले. त्यांच्या मुलीने, सुधाने, मला एक पाकीट दिलं. "बाबा म्हणाले होते, काकांचं आहे, काकांना दे." आत तो फॅक्स होता, अक्षरं उडून पार पांढरा पडलेला, माझी सही वाचता येत नव्हती. पुरावा म्हणून आता कुणाच्याच कामाचा नाही. सोबत कारखान्याचं एक कोरं व्हाउचर, सहीच्या जागी पेन्सिलीची बारीक फुली.

सुधासमोर बसून मी ते भरलं. 'यॉटवरची शिल्लक मला परत मिळाली. मी ती मोठेपणासाठी वाटली आणि शेठना खोटं सांगितलं. भाऊरावांचा हिशेब बरोबर होता.' फुलीवर सही केली.

सुधाने दोनदा वाचलं. "काका, बाबांना कप्तान म्हणणाऱ्यांपैकी कितीजण आहेत अजून?"

"सात असतील."

"मग त्यांचं काय?" तिने अगदी वडिलांच्या सुरात विचारलं.

म्हणून हे छापायला देतो आहे. सातही जणांना अंक मी स्वतः नेऊन देणार आहे, वाडीपासून सुरुवात करून.