बॉनेटखालची हिरवी जाळी

गावानं एकदा शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला. भाच्याला तापलेल्या यंत्रातून ओढून काढताना यांचा हात भाजला, असं माईकवर सांगितलं गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हात भाजला होता हे खरं, पण भाच्याला ओढताना नाही.

माझा भाचा विमानांच्या इंजिनांवर काम करून सैन्यातून निवृत्त झाला आणि केनवडजवळच्या आपल्या शेतात, टिनाच्या शेडमध्ये, दोन माणसांचं छोटं विमान बांधायला बसला. मी आयुष्यभर बस आणि ट्रॅक्टरची इंजिनं खोललेली, म्हणून रोज तिथे जाऊन बसायचो.

इंजिन हवेवर थंड होणारं होतं. पुढे पंखा, मागे बॉनेट, बॉनेटला हवा घ्यायला पुढून दोन तोंडं. जमिनीवर चालवून पाहिलं की मागच्या सिलिंडरच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जायचा. मी म्हणालो, पुढची तोंडं मोठी कर. तो हसला.

“मामा, घरी कूलर लावता तवा मागची खिडकी लावून घेता काय?”

“नाही बा. चिकचिक होते मंग. मीच तं ओरडत राह्यतो, खिडकी उघडा म्हणून.”

“मंग? इथं बी आत आलेल्या हवेले बाहेर जायाले जागा नाही. थे आतच कोंडून राह्यली.”

मग त्यानं सिलिंडरभोवती पातळ पत्रे बसवले, म्हणजे हवा इकडेतिकडे न पळता सिलिंडरच्या पाकळ्यांमधूनच जाईल. पत्र्यांच्या कडांना जुन्या ट्यूबचं रबर लावून फटी बुजवल्या. बॉनेटचं खालचं तोंड रुंद केलं आणि त्याच्या पुढच्या कडेला पत्र्याचा ओठ वाकवला, बाहेरच्या वाऱ्यानं आतली गरम हवा ओढली जावी म्हणून. पुढच्या तोंडांना हातही लावला नाही. इंजिन पुन्हा चालवलं आणि काटा मधेच थांबला. तो कितीतरी वेळ त्या काट्याकडे पाहत होता. एखाद्या यंत्राकडे इतक्या मायेनं पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

उडवायची परवानगी यायची होती. तोवर मुरुमाच्या पट्टीवर पळवायचं, थोडं उचलायचं आणि लगेच टेकवायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. तो दिवस सोयाबीन काढणीचा होता. शेजारच्या वावरात थ्रेशर चालू होतं आणि त्यातून उडणारं कुटार, म्हणजे शेंगांचा भुसा, वाऱ्यानं आमच्या पट्टीवर पसरत होतं.

अशा दिवसांत आमच्याकडे ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर मच्छरदानीचा तुकडा बांधतात. कुटार आत जात नाही, आणि ड्रायव्हर मधून मधून उतरून तो झटकतो. मी कितीतरी ट्रॅक्टरना असा तुकडा बांधला होता. विमानाचं खालचं तोंड जमिनीकडे उघडं पाहून माझे हात शिवशिवले. भाचा सगळं तपासून बूट बदलायला शेडमध्ये गेला, तेवढ्यात मी हिरव्या जाळीचा तुकडा त्या तोंडाला आतून तारेनं बांधला. त्याला सांगितलं नाही. पुन्हा हसला असता.

कुटार खालून आलं नाही, ते पुढून आलं. पंख्याबरोबर आत गेलं आणि बाहेर पडताना माझ्या जाळीवर साचलं, गरम हवेची वाटच बंद झाली. विमानातून उतरून ते झटकणार कोण?

तो पट्टीवर येरझाऱ्या घालत होता आणि मी हात हलवत होतो. शेवटच्या खेपेला विमान दोन पुरुष उंच गेलं, तोच दगडावर विळा ओढावा तसा आवाज आला आणि पंखा जागच्या जागी थांबला. इंजिन चालू असताना पंख्याची पाती दिसत नाहीत. मला ती दोन्ही स्पष्ट दिसली. विमान एका चाकावर आदळलं आणि कुशीवर पडलं.

मी सगळ्यांच्या आधी पोहोचलो. भाचा “मामा, पाय” म्हणाला. मी ते ऐकलं, आणि माझा हात त्याच्या पायाकडे गेला नाही. तो बॉनेटखाली गेला. मी तार तोडली, जाळी कुटारासकट ओढून काढली आणि खिशात कोंबली. सायलेन्सरची नळी तळहाताला चिकटली तेव्हाच मला कळलं की मी काय करतोय. जाळी बांधणं ही चूक होती. पण तो हात कोणाचा होता?

भाच्याचा पाय कायमचा आखडला. गाव म्हणालं, घरी केलेलं विमान, असंच होणार. सत्काराच्या वेळी तो कुबडीवर पुढच्या रांगेत बसला होता आणि त्यानंही टाळ्या वाजवल्या.

सत्कारात मला शाल घालणारा गृहस्थ यंदा भाच्याकडे आला. मंगरूळपीरच्या रस्त्याला त्याचा ढाबा आहे. छतावर ठेवायला त्याला विमान हवं होतं. भाचा हो म्हणाला. तो गेल्यावर मी शेडमध्येच सगळं सांगून टाकलं.

भाचा म्हणाला, “हिरवी होती?”

“हो.”

“नळीवर हिरवं काहीतरी वितळून चिकटेल होतं. मले वाटलं, रंग जळाला. म्हनलं, माहे पत्रेच चुकले. सारे उपटून फेकून देल्ले मी.” तो कोपऱ्यात पडलेल्या पत्र्यांच्या ढिगाकडे पाहत होता. “म्हनजे थे बरोबर होते.”

“बरोबर होते.”

“अन् तुमी मले इतके दिवस सोताले चुकीचा समजू देल्लं.”

त्यानं खिशातून मोबाइल काढला, ढाबेवाल्याचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

“इमान देत नाही म्हना. काहून नाही देत, थे बी तुमीच सांगा.”

मी मोबाइल कानाला लावायला गेलो तर त्यानं हात पुढे करून स्पीकर सुरू केला. पलीकडून आवाज आला, “बोला भाऊ, इमान न्यायाले ट्रॅक्टर कवा पाठवू?”

मी मच्छरदानीपासून सुरुवात केली.