इंदूवन्संच्या साडीची घडी

दुपारचं जेवण अंगावर आलंय आणि मी गच्चीवरच्या खोलीत चटई टाकून आडवी झाले आहे. डोळे मिटले तरी चित्र दिसतंच आहे, भिंतीला टेकवलेलं, माझ्या उंचीचं. संध्याकाळी टेम्पो येणार. उद्या साताऱ्यात माझं प्रदर्शन, या वयात पहिलंच, आणि या चित्राच्या मधोमध अजून नुसता कोरा कॅनव्हास.

मी ब्रशने फारसं काही करत नाही. गोणपाट, वर्तमानपत्रं, वाळू, चहाचा चोथा, हाताला लागेल ते फेव्हिकॉलने डकवते, वर रंग चढवते, खरवडते, पुन्हा चढवते. कात्री मात्र लावत नाही. हातानेच फाडायचं. फाटलेली कड कशी येईल ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि मला तर तिथूनच चित्र सुचायला लागतं. नवऱ्याचे सदरेसुद्धा मी बिनदिक्कत फाडलेत. पण हे चित्र इंदूवन्संचं, माझ्या थोरल्या नणंदेचं. मधल्या जागी यायची आहे त्यांची डाळिंबी बनारसी. हौसेने घेतली आणि नेसायच्या आधीच त्या गेल्या. ती फाडायला माझा हात धजावत नाही.

"झोपलीस काय गं, निरू?"

वन्सं चटईच्या कडेला बसल्या आहेत, केस तेलाने चोपडून. त्या गेल्या आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी मी पदर सावरून उठते.

"चहा टाकू, वन्सं?"

"नको बाई. तुझ्या चहाचा चोथा चित्राला जातो म्हणे."

आम्ही साडीच्या दुकानात बसलो आहोत. पांढऱ्या गादीवर दुकानदार साड्यांवर साड्या उलगडतोय, आणि माझे रंगाचे डबे गिऱ्हाइकांच्या चपलांशेजारी ठेवलेत. कुणाला त्याचं काही वाटत नाही. वन्सं एकाही साडीकडे बघत नाहीत.

"माझी कुठाय?"

ती माझ्या मांडीवर आहे.

"अजून घडी मोडली नाहीस?"

नवी साडी आधी जवळच्या बाईला नेसायला द्यायची, तिने घडी मोडायची, ही आमच्याकडची रीत. माझ्या लग्नापासून माझ्या सगळ्या साड्यांची घडी वन्संनी मोडली. हक्काने ओढून न्यायच्या आणि हळदीचा डाग पाडून परत आणायच्या.

"मी कशी मोडू? तुमची आहे."

"मग आणखी कोण मोडणार? तुझ्या एवढ्या मोडल्या मी. माझी एक तुझ्याच्याने होईना?"

"नेसणार नाहीये मी, वन्सं. फाडणार आहे."

त्या गादीवर आडव्या होतात. ती दवाखान्यातली खाट आहे. सलाईनच्या दांडीला साड्या लटकतायत आणि वन्संच्या अंगात तो विटका हिरवा झगा आहे. त्याची बाही त्या चिमटीत धरतात.

"यात गेले मी. मधली जागा अशीच ठेवलीस तर तुला जन्मभर हाच दिसेल. नटव गं मला."

मी पदराने डोळे पुसते. "तुमची फार आठवण येते हो," मी सांगून टाकते.

"येणारच. आण ती इकडे."

साडीच्या काठाला त्या दात लावतात. कट्. मग ती माझ्या हातात देतात.

"ओढ."

मी ओढते. फर्रर! खिडकीची तावदानं थरथरतात. पुन्हा ओढते. रडू कुठल्या कुठे पळालंय, मला नुसता जोर चढलाय. वन्सं खाटेवर उठून बसल्यात आणि टाळ्या पिटतायत.

"अजून! पदर राहिला की!"

गच्चीवर लख्ख ऊन आहे. आम्ही दोघी चित्रासमोर उभ्या आहोत आणि मी तळहाताने फेव्हिकॉल फासतेय. जरीची बाजू वर धरून पट्टी लावायला जाते तोच त्या माझं मनगट धरतात.

"उलटी लाव."

"उलटी? सगळे धागे लोंबतायत तिकडे!"

"असू देत. ती बाजू माझ्या अंगाला लागली असती. मला तीच हवी."

टेम्पोचा हॉर्न वाजतो आणि मी दचकून जागी होते. हाताला फेव्हिकॉल. समोर चित्राच्या मधोमध डाळिंबी झोत वरपासून खालपर्यंत उतरलाय, उलट्या बाजूने, सोनेरी धागे मोकळे सोडून. इतकं चांगलं चित्र मी आजवर केलेलं नाही, हे मला बघताक्षणी कळतं. झोपेत मीच केलं असेल, दुसरं कोण? मी जवळ जाऊन काठ बघते. तिथे दातांच्या खुणा आहेत, स्पष्ट, आणि माझी कवळी मघापासून खिडकीतल्या पेल्यात पाण्यात पडून आहे.

"झालं का गं?" खालून नवरा ओरडतो.

"झालं!" मी बोळक्या तोंडाने गच्चीभर ओरडते. "वर या, आणि तुमच्या ताईला जपून उतरवा. नटून बसल्यात!"