न खणलेले चार खड्डे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आता पन्नाशी उलटली, म्हणून सांगतो.

निर्वासितांची वस्ती होऊन चार-पाच वर्षं झाली होती. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये मी नवाच ओव्हरसियर. बराकींमधला एक रस्ता एका पावसाळ्यात खचला होता. पुन्हा खडी टाकण्याआधी खालची माती बघायची, आठ ठिकाणी कमरेएवढे खड्डे घ्यायचे आणि कुठे काय लागलं ते लिहून द्यायचं, असा इंजिनीअरसाहेबांचा हुकूम होता.

चार खड्ड्यांत चांगला मुरूम लागला. वर एप्रिलचं ऊन. आणि मला संध्याकाळी अंबरनाथला मुलगी बघायला जायचं होतं. दुपारी सावलीत बसून मी उरलेल्या चारांपुढेही 'मुरूम' लिहून टाकलं आणि खणणाऱ्या दोघा मजुरांना काम संपलं म्हणून सोडून दिलं.

समोरच्या बराकीच्या दारात बसलेली सिंधी म्हातारी म्हणाली, "साईं, पिछली बार भी पक्का बोला था."

मी हसलो आणि गेलो. मुलगी पसंत पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर पाचव्या जागी खड्डा तयार. कालचेच दोघं मजूर, बदलापूरकडची एक बाई आणि तिचा नवरा, त्यांनी उजाडताच येऊन खणलेला. तळाशी राखी रंगाची चिकणमाती, ओली.

"कुणी सांगितलं खणायला?" मी आवाज चढवला.

"कुनी न्हाय. हितं माझ्या बापाचं खाचर व्हतं, साहेब. मिलटरीनं घेतलं त्याच्या आदी. भाताच्या आवणीला चिखलात गुडघाभर पाय जायाचा." मग माझ्या वहीकडे बघून म्हणाली, "काल तुमी बसून लिवत व्हतात. आमी खणलं न्हाय, त्ये तुमी कसं लिवलं?"

तिचा नवरा पुटपुटला, "गप गं, साहेब हायत ते."

मी पान फाडलं. उरलेले तीन आम्ही तिघांनी खणले, टिकाव मीही मारला. तिन्हींत तीच माती.

इंजिनीअरसाहेबांनी अहवाल वाचला, स्वतः येऊन खड्ड्यांत वाकून पाहिलं. तेवढ्या पट्ट्यातली चिकणमाती काढून दगडाचं सोलिंग, म्हणजे खाली मोठ्या दगडांचा थर, घालायचं ठरलं. दगड पडू लागले त्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "वरून तर काही दिसत नव्हतं. कसं ओळखलंत?"

ती मजूर बाई दगडांची पाटी डोक्यावर घेऊन पाच पावलांवर उभी होती.

"अंदाज आला, साहेब," मी म्हणालो.

त्याच शाबासकीवर मी नोकरीत कायम झालो, लग्न झालं, पोरं शिकली. रस्ता पुढचे पावसाळे तसाच राहिला, म्हातारीच्या दारापुढेसुद्धा. ती बाई सरळ साहेबांकडे गेली असती तर माझं काय झालं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिने खड्डा खणला आणि विचारलं, ते फक्त मला. इतकं सांभाळून मला पुढे कुणी घेतलेलं नाही.

त्या दिवशी साहेब गेल्यावर मी तिच्याकडे वळलो. पाटी उतरवायला हात पुढे केला.

"पाय जपा, साहेब," ती म्हणाली, आणि पाटी खाली ओतली.