सोनुबाईची शाणी नात

निपाणीतल्या त्या गल्लीत कुणालाही विचारा, सोनुबाईची नात कशी आहे म्हणून. लगेच उत्तर यायचं, "सौम्या? अगं बाई, पोर असावी तर अशी!" उठल्या उठल्या अंथरुणाची घडी, शाळेला जायच्या आधी पाणी भरून ठेवायचं, आल्यावर आज्जीच्या शेजारी बसून विड्यांना सूत बांधायचं. हट्ट नाही, रुसणं नाही, उलटून बोलणं तर नाहीच नाही. गल्लीतल्या आया आपापल्या कार्ट्यांना धपाटे घालताना तिचंच नाव घ्यायच्या. सोनुबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत ते ऐकायची आणि मनातल्या मनात सुखावायची. खोटं कशाला बोला?

पण खोटं बोलली होती सोनुबाई. एकच, पण डोंगराएवढं.

सौम्याची आई, म्हणजे सोनुबाईची एकुलती एक लेक सुविधा. जावई आधी गेला, एड्सनं. गावात कुणकुण लागली आणि शेजारणींनी सोनुबाईच्या हातचं पाणी प्यायचं सोडलं. अंगणवाडीत सौम्याला वेगळ्या पाटावर बसवायला लागले. त्या पोरीच्या रक्तात काही नव्हतं, तपासणीत स्वच्छ निघालं होतं, पण लोकांना कोण सांगणार? सुविधाही त्याच दुखण्यानं अंथरुणाला खिळली, बेळगावच्या दवाखान्यात गेली आणि तिथंच संपली. पोर त्या वेळी येळ्ळूरला सोनुबाईच्या बहिणीकडं होती. पाच वर्षांची. आईचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही तिला.

सोनुबाईनं मग काय केलं? गाव सोडलं, नात उचलली, निपाणीत खोली घेतली. नव्या गल्लीत कुणी विचारलं, "लेक कुठं असती ओ?" तर म्हणायची, "गोव्याला. कामाला." झाकली मूठ सव्वा लाखाची. आता लेकरांच्या तोंडात काही तीळ भिजत नाही. पोरीला खरं सांगितलं तर ती गल्लीभर करणार. म्हणून पोरीलाही तेच सांगितलं, आई गोव्याला गेली आहे. वर, पोर रडायला लागली की पुढचं वाक्य जोडायची, "शाणी ऱ्हा बघ. शाणी ऱ्हायलीस की आई लवकर येती."

असं सांगायला नको होतं. पण त्या घडीला रडणारी पोर गप्प झाली, आणि सोनुबाईला तेवढंच पाहिजे होतं. तिचं स्वतःचं रडणंही गिळलेलंच होतं. गेलेल्या माणसासाठी चारचौघांत करायचं पुण्यानुमोदन लेकीसाठी केलं नाही, कारण चार माणसं बोलावली की चार प्रश्न येणार. भिंतीवर लेकीचा फोटो होता, पण त्याला हार घालायची सोय नव्हती. जित्या माणसाच्या फोटोला कुणी हार घालतं का?

आई-बाप एड्सनं गेलेल्या पोरांसाठी निपाणीत एक संस्था काम करायची. तिथली राजश्री अधूनमधून घरी यायची. चिकोडीकडच्या जैन शेतकऱ्याची लेक, मराठी आणि कानडी दोन्ही तिला घरच्याच. पोरांच्या मनाचं बरं चाललंय का, वागण्यात काही बिघडलंय का, हे ठरलेले प्रश्न विचारून तपासायचं आणि कुणाचं बिनसलेलं दिसलं तर त्याला बेळगावच्या समुपदेशक बाईंकडं न्यायचं, हे तिचं काम. गल्लीला संशय नको म्हणून ती बचत गटाची बाई म्हणून यायची.

"आज्जी, सौम्या चिडते का? भांडणं, मारामारी?"

"छ्या! गरीब गाय हाय."

"खोटं बोलणं, काही उचलणं?"

"माझ्या नातीचं नाव घेऊ नगा हां!"

"डोकं दुखतं, पोट दुखतं, असं म्हणते का सारखं?"

"कधीच न्हाय. लई सोशीक पोर."

"रडते?"

"रडायला काय झालंय तिला?"

राजश्री म्हणायची, "तिची आई गेलीय, आज्जी."

"हळू बोला की ओ!" सोनुबाईचा जीव वर-खाली व्हायचा. दाराबाहेर शेजारची शालूबाई तांदूळ निवडत बसलेली असायची.

राजश्रीनं किती वेळा म्हटलं, मला पोरीशी एकटीशी बोलू द्या. सोनुबाई हलायची नाही. पोरीला विचारलं तर पोर आधी आज्जीकडं बघायची आणि मग मान हलवायची. "आज्जी, तिला खरं सांगायला पाहिजे," राजश्री जाताना म्हणायची. सोनुबाईचं उत्तर ठरलेलं, "एवढी दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली की, "एवढी परीक्षा होऊ दे." राजश्रीच्या यादीत दुसरी पोरं होती, कुणी काचा फोडणारी, कुणी घरातून पळून जाणारी. धूर दिसतो तिकडंच माणूस धावतो. शाणी सौम्या मागं राहिली, आणि दर वेळी तिच्या नावापुढं "काही अडचण नाही" एवढंच लिहिलं गेलं.

सहावीत असताना त्या थंडीत सौम्या डोक्याला सारखा रुमाल बांधायला लागली. "काय गं?" "थंडी वाजती, आज्जी." सोनुबाईला वाटलं, बघा, स्वतःच स्वतःची काळजी घेती. उशीवर पिवळे डाग पडायला लागले तशी पोर अभ्रा उलटा घालायची, स्वतःच धुवायची. तेही सोनुबाईनं कौतुकानं शालूबाईला सांगितलं. शेवटी शाळेतल्या बाईंच्या ध्यानात आलं. मागून चार हाका मारल्या तरी पोर वळली नाही. जवळ गेल्या तर कानातून पू वाहत होता.

राजश्रीच दोघींना बेळगावला घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा तपासलं. कान कित्येक महिने आतून सडत होता म्हणाले. उजव्या कानानं आता ऐकू येणं अवघड. "एवढं दुखत असताना पोर बोलली कशी नाही?" त्यांनी सोनुबाईला विचारलं.

बाहेर बाकावर राजश्री पोरीच्या डाव्या बाजूला बसली. या वेळी सोनुबाईला तिनं जरा लांबच बसवलं, पण ऐकू येत होतं सगळं.

"दुखत होतं ना गं?"

पोरीनं आज्जीकडं बघितलं. सोनुबाईनं मान खाली घातली.

"लई," सौम्या म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"दुखतंय म्हणून सांगितलं की आई येत न्हाय." किती सरळ सांगितलं पोरीनं! "चौथीत मला ताप आलता तवा मी रडलेली. त्या दिवाळीला आई आलीच न्हाय."

राजश्री पदर डोळ्यांना लावून उठली आणि औषधाच्या खिडकीकडं गेली. परत आल्यावर सोनुबाईपाशी उभी राहून एवढंच म्हणाली, "मीही फसले, आज्जी. शांत पोर बघून मलाही बरं वाटायचं."

सोनुबाईला वाटलं, या बाईनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. परतीच्या बसमध्ये नात तिच्या खांद्यावर झोपली. कसली ही माया! लोकांच्या तोंडाला भिऊन आपण आपल्याच पोरीचं तोंड शिवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं विड्यांचं सूप बाजूला ठेवलं आणि नातीला समोर बसवलं. "सौम्या, तुझी आई गोव्याला न्हाय."

"मग कुठं हाय?"

"ती गेली, बाळा. बेळगावच्या दवाखान्यात. तू येळ्ळूरला हुतीस तवाच."

पोरीनं भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. ऐकू आलं नाही की काय, म्हणून सोनुबाई पुन्हा सांगायला तोंड उघडते तोच सौम्या म्हणाली, "मग मी एवढी शाणी कशाला ऱ्हायले?"

सोनुबाईनं तिला जवळ घ्यायला हात पुढं केला. पोरीनं तो झिडकारला. जन्मात पहिल्यांदा. आणि मग जी ओरडली, "आई गं!" म्हणून, की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. सूप लाथाडलं, तंबाखू खोलीभर झाली. सहा वर्षांचं रडणं एकदम आलं. सोनुबाई दार लावायला म्हणून सवयीनं उठली आणि तशीच थांबली. म्हणाली स्वतःशीच, ऐकू दे आता. ज्याला ऐकायचं त्याला ऐकू दे.

शालूबाई धावत दारात आली. मागं आणखी दोघी. "काय झालं ओ आक्का? पोर का अशी करायला लागली?"

"माझी लेक गेली, शालूबाई."

"अगं आई!" शालूबाईनं छातीवर हात मारला. "कवा ओ? आज फोन आला व्हय?"

सोनुबाईनं भिंतीला टेकून खाली बसत सांगितलं, "सहा वर्षं झाली." आणि ती रडायला लागली.