बादशाहभाईंच्या दुकानाचं मागचं दार

बारामतीच्या एसटी स्टँडामागच्या गल्लीत रोज सकाळी साडेनऊला एक शटर आतून वर जातं. आधी दिसतात पॉलिश केलेल्या चपला, मग पांढरीशुभ्र विजार, मग मेंदी लावलेली दाढी आणि शेवटी, कपाळावर चष्मा चढवलेले बादशाह तांबोळी. समोरचा चहावाला किटली खाली ठेवून हा प्रवेश पाहतो. दुकानाला मागच्या बोळात एक दार आहे. बादशाहभाई तिथून आत येतात, दिवे लावतात, केस नीट करतात आणि मगच जगाला तोंड दाखवतात. चाळीस वर्षांत यात खंड नाही.

या सहा फुटी दुकानात आधी रेडिओ बोलते झाले, मग टेपरेकॉर्डर, मग मोबाइल. मधे एक काळ असा आला की शेळगावची, वडगाव निंबाळकरची माणसं मेमरी कार्ड खिशात घालून यायची आणि भजनं, कव्वाल्या, वग भरून न्यायची. काय ती गर्दी. लग्नघर वाटावं. पुढं कंपन्यांनी फोनमध्येच आपापली दुकानं थाटली. जे काही घ्यायचं ते तिथूनच. काही फोनांत बाहेरून ॲप टाकायची सोयच नाही, काहींत आहे, पण आधी फोन धमकावतो. तेव्हापासून बादशाहभाई प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचे, "माझ्या या खोपट्याला दोन दारं, अन् तुमच्या एवढ्या महागाच्या फोनाला एकच? तेबी कंपनीच्या अंगणात उघडणारं?"

गेल्या वर्षी हा प्रश्न त्यांच्या घरात आला. लेक मेहरीन बारामतीतच कॉम्प्युटर शिकते. तिनं 'बोलकी' नावाचं ॲप केलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या फोनवर संदेश आला की बोलकी तो वाचून दाखवते, तोही आपल्या बोलीत. आवाज मेहरीनच्या अम्मीचा, कमरजहाँचा, कॉम्प्युटरला शिकवलेला. "मंगळवारी दवाखान्याची तारीख हाय. उपाशीपोटी या."

कंपनीच्या दुकानानं ॲप परत पाठवलं. भाषेत चुका आहेत, 'हाय', 'न्हाय', 'हितं' हे शब्द सुधारून पुन्हा पाठवा, असा शेरा होता. कमरजहाँ भाकरी थापता थापता थांबली. "पंचावन्न वर्षं बोलतीय मी. सासूनंबी परत पाठवली न्हाय मला."

तेव्हा बादशाहभाईंनी ठरवलं, लेकीचं ॲप आपण दुसऱ्या दारानं, आपल्या हातानं लोकांच्या फोनात घालायचं. पहिला मान मिळाला शेळगावच्या म्हस्कूतात्यांना. कारण त्यांची बायको बनाबाई. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, आणि तात्यांनी तारीख चुकीची वाचल्यामुळं ती एकदा दवाखान्याच्या पायरीवरून परत आली होती. बोलकी आली आणि बनाबाईची काळजी मिटली. तिचं पाहून शेळगावात आणखी दहा-बारा जणींनी ॲप घेतलं. बादशाहभाईंनी तात्यांना नीट शिकवलं होतं, "फोन म्हणंल धोका हाय. घाबरायचं न्हाय. 'तरीही इन्स्टॉल करा' असं लिहिलंय, त्यावर बोट ठेवायचं."

धडा फारच पक्का बसला.

वैशाखात एका दुपारी तात्या आणि बनाबाई दुकानात आले. तात्या विंगेत उभं राहावं तसे खांबाआड. बनाबाईनं फोन काचेवर ठेवला.

"बादशाहभाई, ह्यांचं लग्न हाय म्हणं."

"कुणाचं, वहिनी?"

"ह्यांचं. सकाळधरनं माहेरचे फोन करत्यात. भाऊ विचारतोय, तुला नांदवणार हायत का आणून घालणार हायत."

मेहरीननं फोन हातात घेतला आणि ओढणीत तोंड लपवलं. तात्यांना कुणा अनोळखी नंबरवरून लग्नपत्रिकेच्या नावानं एक फाइल आली होती, खरं तर ते चोरटं ॲप होतं. तात्यांनी ती उघडली आणि पाठवणाऱ्या ठगानं तीच पत्रिका तात्यांच्या फोनातल्या तीनशे माणसांना तात्यांच्या नावानं धाडली. बँकेचं खातं या फोनला जोडलेलं नव्हतं, म्हणून लग्नावरच भागलं.

"अवं, पत्रिका आल्यावर उघडायची न्हाय?" तात्या खांबाआडून म्हणाले. "कुणाच्या लेकीचं असंल तर रुसवा यायचा. फोन म्हणला धोका हाय. पण तुमीच शिकवलं की, घाबरायचं न्हाय."

बादशाहभाईंचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांनी सिम काढलं, फोन पुसून कोरा केला. त्यात बोलकीही गेली.

"आता राहू द्या कोरा," बनाबाई म्हणाली. "कंपनीच्या दाराबिगर काय नको. गावातल्या बायाबी म्हणत्यात, बोलकी काढून टाका."

मेहरीननं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. तिचं वर्षभराचं काम त्या एका वाक्यात पुसलं जात होतं.

बादशाहभाई स्टुलावर बसले. "वहिनी, तुमच्याकडं लग्नाची पत्रिका कशी येती?"

"कशी म्हंजे? घरची दोघं येत्यात. कुंकू लावत्यात, हातावर अक्षता ठेवत्यात, यायचंच म्हणत्यात."

"अन् कुणी नुसतीच उंबऱ्यावर टाकून गेला तर?"

"त्या लग्नाला कोण जातंय?"

"तात्या, मग ह्या पत्रिकेसंगं कोण आलं होतं?"

तात्यांनी खांबावरचं जुनं कॅलेंडर वाचायला घेतलं.

"चूक माझीबी हाय," बादशाहभाई म्हणाले. "दार कसं उघडायचं ते शिकवलं. दारात कोण उभं हाय ते आधी बघा, हे सांगायचं राहिलं."

बनाबाईनं बऱ्या डोळ्यानं मेहरीनकडं पाहिलं. "बोलकी हिनं केली? अन् त्यातली बाई कोण बोलती?"

"माझी अम्मी. शेळगावचीच हाय."

"आपल्या कासमभाईंची लेक कमर? तरीच. मी म्हणलं, ही बया रोज माझ्यासंगं वळखीनं का बोलती." तिनं हात पुढं केला. "मग अक्षता कुठं हायत?"

तांबोळ्यांच्या घरात अक्षता कुठल्या. पण बादशाहभाईंच्या वडिलांची पानाची गादी होती आणि गल्ल्यावर त्यांचा पितळी डबा अजून असतो. मेहरीननं त्यातून पान घेतलं, वर सुपारी ठेवली आणि दोन्ही हातांनी बनाबाईपुढं धरलं.

"मावशी, माझं ॲप हाय. घ्यायचंच."

बनाबाईनं पान कनवटीला लावलं. मेहरीननं सिम परत घातलं आणि बोलकी पुन्हा टाकायला घेतली. फोनानं पुन्हा धोक्याची पाटी दाखवली. मेहरीननं ती वाचून दाखवली, आणि बनाबाईनं स्वतःच्या बोटानं 'तरीही' दाबलं. तेवढ्यात कुणाचा तरी संदेश आला आणि कमरजहाँचा खणखणीत आवाज दुकानभर घुमला, "म्हस्कू, नवरी कुठली हाय?"

समोरच्या चहावाल्याच्या हातातला कप सांडला. बनाबाई डोळ्याला पदर लावून हसत होती. तात्यांना मात्र पुढच्या रस्त्यानं जायचा धीर होईना. बादशाहभाईंनी त्यांच्यासाठी मागचं दार उघडून दिलं.

ती दोघं बोळातून गेल्यावर मेहरीन म्हणाली, "अब्बा, कंपनीच्या दुकानातबी पुन्हा पाठवू का? 'हाय'चं 'आहे' करून?"

बादशाहभाईंनी चष्मा परत कपाळावर चढवला आणि पुढचा फोन उघडायला घेतला.

"पाठव की, दोन्ही दारं असू देत. पण तुझ्या अम्मीचं 'हाय' तेवढं 'हाय'च राहू दे."