मेणसाहेबांचे हात

मेणसाहेब वाऱ्याशी भांडायचे. तेही मनातल्या मनात नव्हे, चांगल्या खणखणीत आवाजात, तळ्याच्या मधोमध टायरच्या ट्यूबांवर बांधलेल्या तराफ्यावर उभं राहून. "आरं, दोन तास तरी दम धर की!" असं ते पश्चिमेकडे तोंड करून ओरडले की पाण्याला आलेल्या बायका घागरी खाली ठेवून हसत बसायच्या.

बहात्तरच्या दुष्काळात राहुरीच्या पूर्वेला एका कोरड्या गावात मी नर्स होते. नवी, बावीस वर्षांची आणि आपण फार हुशार आहोत अशा समजुतीत. विहिरी आटल्या होत्या, तळं तेवढं उरलं होतं आणि उन्हानं त्याचीही वाफ होत चालली होती. ती रोखायला सरकारी खात्यानं कोपरगावकडचे हे गृहस्थ पाठवले. बरोबर पोत्यांत मेणाच्या किसासारखा पांढरा पदार्थ, सिटाइल अल्कोहोल. मूठ मूठ फेकला की पाण्यावर डोळ्यांना दिसणारही नाही असा थर पसरायचा आणि वाफ कमी व्हायची. वारा आला की सगळा थर काठाला गोळा, म्हणून ते भांडण. पोत्यावरचं नाव कुणाला उच्चारता येईना, म्हणून ते मेणसाहेब झाले.

गाव धास्तावलं. आठवड्याभरात गावातला प्रत्येक रोग मेणामुळे होऊ लागला. गळवं, आलेले डोळे, कुणाची आटलेली म्हैस. मेणसाहेब एकही तक्रार झटकत नसत. वही उघडून गंभीरपणे विचारायचे, "आधी हुतं का न्हाई?" गावातले गेनूतात्या उचकीची तक्रार घेऊन आले, तेव्हा म्हणाले, "उचकी व्हय? ती लग्नापास्नं हाय. पन आता लई जोरात येती." मेणसाहेबांनी लिहिलं, 'उचकी जुनी, जोर नवा.' एका म्हातारीचा खोकला थांबला, तोही त्यांनी नोंदवला. "फायदा झाला तरी लिवायचा, बाई. न्हाईतर वही खोटी पडती."

रोज सकाळी चावडीपुढे ते तळ्याचं तांब्याभर पाणी सगळ्यांदेखत गटागटा प्यायचे आणि पोटावर हात फिरवून दाखवायचे. तरी सरपंचांनी अट घातलीच. "एक जरी रोग ह्याच्यानं झाल्याचं नक्की कळलं, तर पोती बंद." पोती बंद झाली तर तळं आखाडापर्यंत टिकणार नाही, हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं.

आणि मग एक दिवस साहेब दवाखान्यात आले ते हात पाठीमागे लपवून. बोटं लाल, भेगाळलेली, खाजून खाजून सोललेली. मी रुबाबात मलमाचा डबा दिला, "दिवसातून चार वेळा लावा." त्या आज्ञाधारक माणसानं सहा वेळा लावलं. आठ दिवसांत खाज कोपरापर्यंत चढली. मी म्हटलं, आणखी लावा. तिसऱ्या खेपेला मात्र लाज वाटून मी डबा फिरवला आणि बारीक अक्षरं वाचली. मलमातही सिटाइल अल्कोहोल!

डबा मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं. "म्हंजे बाई, दिवसभर मी पोत्यात अन् रातभर तुमच्या डब्यात?" आम्ही दोघं इतके हसलो, इतके हसलो, की बाहेरचे रोगी दारातून डोकावू लागले.

हसू ओसरल्यावर मी म्हटलं, "कुणाला सांगू नका. पाणी पिऊन कुणाला काही झालेलं नाही. हे फक्त तुमच्या कातडीला सोसत नाही."

"तरी वहीत लिवावं लागंल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढे पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी दोन्ही हात वर केले. "एक रोग सापडला. खरा हाय, अन् मला झालाय. नुसत्या हातानं मुठी भरून भरून झालाय. त्यात आमच्या बाईंनी मलमातनं आनखी लावलं." सगळं गाव माझ्याकडे बघून खदखदून हसलं. सरपंच तेवढे हसले नाहीत.

गेनूतात्या उठले. उचकी आवरत म्हणाले, "लपवायचं आसतं तर ह्यानं हात खिशात घातलं आसतं. माझी उचकीबी लिवली ह्या मानसानं. उद्यापास्नं मी टाकतो. हातमोजे घालून टाकतो." सरपंचांनी एकदा तळ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान डोलावली.

तळ्याचं काम चालू राहिलं, साहेबांचं थांबलं. त्यांनी पोत्याला पुन्हा हात लावायचा नाही, असा अहवाल मीच लिहिला होता. त्यांची बदली कचेरीत झाली. एसटीच्या खिडकीतून ते एवढंच म्हणाले, "पानी किती उतरलं ते कळवा, बाई."

दर आठवड्याला मी पोस्टकार्ड टाकलं. आखाडात पाऊस लागला तेव्हा तळ्यात गुडघाभर पाणी शिल्लक होतं, तेही कळवलं. उलट टपाली दोन ओळी आल्या. 'तळं टिकलं, बरं वाटलं. हात आता लोण्यासारखे मऊ झालेत, काही कामाचे राहिले नाहीत.'

मी मोठ्यानं हसले. आणि मग दवाखान्याचं दार लोटून घेऊन पोटभर रडले.