दारजींच्या परीक्षेत मी पास झाले

घर भाड्याने देताना आमच्या सरदार घरमालकांनी, दारजींनी, आम्हाला एकच अट घातली. "पुत्तर, इधर किसी पे भरोसा नहीं करना." मी सांगलीची, तोंडाने फटकळ. म्हटलं, "आप पे भी नहीं?" "मेरे पे तो बिल्कुल नहीं," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. त्यांना विसरायला होतं, तेव्हा माझ्याकडेच असू दे म्हणे. असा हा माणूस.

चंदीगढचे ते अतिरेक्यांच्या काळातले दिवस वाईट होते. बसमध्ये बसण्याआधी वाकून सीटखाली बघायचं, बेवारस ट्रान्झिस्टर दिसला की बॉम्ब असेल म्हणून लांबून जायचं, अंधार पडायच्या आत घर गाठायचं. आमचे हे हॉस्पिटलात डॉक्टर. ड्यूटी लागली की दोन-दोन दिवस घरी येत नसत. वरच्या मजल्यावर मी आणि वर्षाची मुलगी. खाली दारजी एकटेच. बायको गेलेली, मुलगा कॅनडात.

मग दारजींनी माझी तालीम सुरू केली. दुपारचे जिना चढून यायचे, दार वाजवायचे आणि आवाज बदलून "तार आई है जी" म्हणायचे. कधी गॅसवाले व्हायचे, कधी चक्क बाईच्या आवाजात साखर मागायचे. मी उघडलं की समोर पांढरी दाढी आणि एकच शब्द, "फेल." फेल झाल्याबद्दल मी चहा करायचा, हे ठरलेलं.

एकदा त्यांनी स्वतःच्याच आवाजात हाक मारली, "पुत्तर, मैं हूँ." मी अर्थातच उघडलं. त्या दिवशी ते हसले नाहीत. चहाही नको म्हणाले. गावाकडे त्यांच्या थोरल्या भावाने असंच दार उघडलं होतं. "आवाज़ अपने ही बंदे की थी," दारजी म्हणाले, "बंदूक उसके पीछे थी." तेव्हापासून नियम झाला. दारजींचा आवाज आला तरी उघडायचं नाही. त्यांनी आधी खाली अंगणात उभं राहायचं, मी बाल्कनीतून त्यांना नीट बघायचं, मगच कडी काढायची.

जानेवारीतली दुपार होती. मी मुलीला भात भरवत होते. दार वाजलं. "पुत्तर, खोल. मैं हूँ." आवाज घोगरा होता. मला वाटलं, दारजींचा आवाज काढणाऱ्या परक्याची नक्कल आज झकास जमलीय. मी आतूनच म्हटलं, "दारजी, आज तो मैं पास हो जाऊँगी. पहले आँगन में जाओ." दार पुन्हा एकदा वाजलं, हळूच. मग काही नाही. खरं सांगते, मी खुशीत होते. भात संपला, मुलीचं तोंड पुसलं आणि ते हरले का बघायला बाल्कनीत गेले. अंगण रिकामं होतं.

दार उघडलं तर दारजी वरच्या पायरीवर भिंतीला टेकून बसले होते. हात छातीवर, पगडी मांडीत पडलेली. अंगणात परत उतरायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. तो अर्धा तास मी स्वतःला अजून माफ केलेला नाही.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात ते थोडे शुद्धीवर आले. मी रडत म्हटलं, मला आवाजातलं दुखणं ओळखायला हवं होतं. ते म्हणाले, "तेरी गलती बस इतनी, पुत्तर, तूने मेरे पे, मेरे नियम पे भरोसा किया. मना किया था ना." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. संध्याकाळी ते गेले. कपाटाची किल्ली मी कॅनडाहून आलेल्या त्यांच्या मुलाच्या हातात दिली.

आता आम्ही चंदीगढजवळच्या एयरोसिटीत राहतो. तेव्हा भात खाणाऱ्या त्या मुलीने दाराला कॅमेरा बसवून दिलाय. "मम्मा, पहले देख तो लिया करो कौन है," ती सारखी बजावते. मी हो म्हणते. पण बेल वाजली की हातातलं टाकून धावते आणि आधी दार उघडते. कोण आहे ते मग बघते.